उद्याची सोय आज कशी ओळखावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी मेडशी येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची इच्छा झाली आणि विषय निवडण्याची मोकळीकही त्यांनी मला दिली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बालसंगोपन, आरोग्य, बचत, पाककृती या विषयांवर आपल्या मंडळात वेळोवेळी चांगले बोलले गेले आहे. म्हणून मी जरा निराळा विषय घेतला आहे. आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये गाणी, फोटो, आवाज आणि निरोप यांची जी ॲप असतात, त्यांत उद्या कोणती नवी सोय येणार, हे आपल्यासारख्या बायकांना आज ओळखता येईल काय, असा तो विषय आहे.

कोणी विचारील, हे ओळखून आपल्याला काय करावयाचे आहे? येईल तेव्हा पाहू! पण भगिनींनो, पेरणीच्या आधी पावसाचा अंदाज घेणाऱ्या मुलखातल्या आपण आहोत. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या भाकिताकडे साऱ्या वऱ्हाडाचे कान लागलेले असतात. मोबाईलच्या बाबतीत मात्र सकाळी उठून पाहावे तो बटणाची जागा बदललेली असते आणि नातवाला हाक मारावी लागते. आज आपल्या लेकरांचे फोटो, वडीलधाऱ्यांचे आवाज, भिशीचा हिशेब, सारे त्याच यंत्रात आहे. ज्या घरात आपला डाग-दागिना ठेवला, त्या घराची भिंत उद्या कोठे सरकणार आहे, हे घरधनिणीला ठाऊक नको काय?

हे ओळखण्याला ज्योतिष लागत नाही. डोळे उघडे ठेवून चार खुणा पाहिल्या म्हणजे पुरे.

पहिली खूण पायवाटेची. शेतातून माणसे ज्या बाजूने रोज तुडवत जातात, तेथे आधी पायवाट पडते आणि पुष्कळदा पुढे तेथूनच रस्ता निघतो. ॲपचेही तसेच आहे. व्हॉट्सॲपवर लग्नाचा फोटो पाठवला की तो पुसट होऊन पोहोचत असे. मग हुशार मुलींनी युक्ती काढली. फोटो फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावयाचा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो. ही आडवाट होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने स्पष्ट फोटो पाठवण्याची सोय दिली आणि आडवाटेचा रस्ता झाला. तसेच किराण्याच्या यादीचे. पुष्कळजणी एका मैत्रिणीला घेऊन गट काढीत, लगेच तिला त्यातून काढून टाकीत आणि त्या एकटीच्या गटात याद्या लिहून ठेवीत. २०२२ च्या नोव्हेंबरात स्वतःलाच निरोप पाठवण्याची सोय आली. त्या एकटीच्या गटांकडे ज्याचे लक्ष होते, त्याला ही सोय येणार हे आधीच सांगता आले असते.

तिसरे उदाहरण आपल्या बाजारपेठांतले. मोबाईलच्या दुकानात थोडे पैसे दिले म्हणजे दुकानदार मेमरी कार्डात गाणी आणि सिनेमे भरून देत असे, ते आपणांस आठवत असेल. याचा अर्थ असा की लोकांना चित्रफीत हवी होती, पण नेट महाग आणि तेही तुटक. हे पाहूनच यूट्यूबने २०१४ च्या डिसेंबरात भारतात चित्रफिती फोनमध्ये काही वेळ साठवून पुढे नेटशिवाय पाहण्याची सोय दिली. परदेशातही असेच घडते. निरोपाच्या विषयापुढे चौकटीसारखी ‘हॅश’ची खूण लावावी, ही सूचना २००७ साली ट्विटर वापरणाऱ्या ख्रिस मेसिना या गृहस्थांनी केली. लोकांनी ती उचलली आणि २००९ मध्ये कंपनीने ती आपलीशी केली.

दुसरी खूण शेजारच्या दुकानाची. एका दुकानात नवा माल खपू लागला की आठ दिवसांत तो समोरच्या दुकानातही टांगलेला दिसतो. चोवीस तासांनी नाहीशी होणारी चित्रे २०१३ साली स्नॅपचॅटने काढली. २०१६ मध्ये ती इन्स्टाग्रामवर आली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या व्हॉट्सॲपच्या ‘स्टेटस’मध्ये. आज सकाळी आपल्यापैकी कित्येकींनी स्टेटसला देवाचा फोटो ठेवला असेल, त्याचे मूळ हे असे दूरचे आहे. २०२० साली २९ जून रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केल्या आणि सप्टेंबरात यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ची चाचणीही भारतातच घेतली. एक दुकान बंद होताच त्याचे गिऱ्हाईक आपल्या दारी वळवण्याची ही घाई होती.

तिसरी खूण ठेचेची. ही सांगताना मन जड होते. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरत होत्या. देशात इतरत्रही असे प्रकार घडले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने दुसऱ्याकडून आलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का लावण्यास सुरुवात केली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा जाहीर केली. २०१९ च्या जानेवारीत तीच मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. आपण निरोप पुढे ढकलताना जे बंधन आडवे येते आणि ज्याचा आपण कंटाळा करतो, त्यामागे मोडलेले संसार आहेत, हे आपण विसरू नये.

चौथी खूण थैलीची. ॲप फुकट मिळते, पण ते चालवणारे कारखाने फुकट चालत नाहीत. गूगल फोटोज २०१५ साली सुरू झाले, तेव्हा हवे तितके फोटो विनामूल्य ठेवा, असे सांगण्यात आले होते. फोटो जरा लहान आकारात साठवले जात, एवढेच. १ जून २०२१ पासून ती मुभा संपली. त्यानंतर ठेवलेले फोटो पंधरा जीबीच्या फुकट कोठीत मोजले जाऊ लागले आणि कोठी भरली की अधिक जागेसाठी पैसे. व्हॉट्सॲपचे जनक जाहिरातींच्या विरुद्ध होते. परंतु २०१४ साली फेसबुकने ते विकत घेण्यासाठी सुमारे १९ अब्ज डॉलरचा सौदा केला. एवढे पैसे घालणारा मालक ते कधी ना कधी वसूल करणार, हे व्यवहार सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईला कळते. २०२५ च्या जूनमध्ये स्टेटसच्या पानावर जाहिराती येणार, हे जाहीर झाले. मध्ये अकरा वर्षे गेली एवढेच.

तेव्हा मैत्रिणींनो, लोक कोठे आडवाटेने जात आहेत, शेजारी काय खपते आहे, कोठे ठेच लागली आहे आणि पैसा कोणाच्या थैलीत जाणार आहे, हे चार प्रश्न विचारले की पुष्कळसा उलगडा होतो. परंतु आज मला जे विशेष करून सांगावयाचे आहे, ते याच्या पुढचे आहे. पहिल्या तीन खुणा पाहून सोय येणार की नाही हे कळते. ती टिकणार की नाही, हे बहुतकरून चौथी खूण ठरवते. म्हणून काय येणार याबरोबर काय जाणार याचाही अंदाज घेतला पाहिजे.

ऑर्कुट नावाची भेटीगाठींची जागा आपल्या देशात फार लोकप्रिय होती. ती २०१४ च्या ३० सप्टेंबरला बंद झाली. नेट कमी असलेल्या लोकांसाठी म्हणून यूट्यूबने ‘यूट्यूब गो’ हे निराळे ॲप काढले. २०१६ साली त्याची घोषणा झाली ती आपल्याच देशात, दिल्लीला. ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले. टिकटॉकचे तर सांगितलेच. खेड्यापाड्यांतल्या किती बायकांनी तेथे आपले गाणे, आपला अभिनय लोकांपुढे मांडला होता! एका दिवसात ते दार लागले. ज्यांनी आपल्या चित्रफिती दुसरीकडे उतरवून घेतल्या होत्या, त्यांच्याजवळ त्या राहिल्या.

घरचेच एक सांगते. आमच्या आत्याबाई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत. त्यांच्या पुतण्याने हौसेने त्या फोनमध्ये भरून घेतल्या. सगळ्यांनी ऐकल्या, वाहवा केली. पुढे पावसात तो फोन भिजला, तो सुरू झालाच नाही, आणि दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. आता आत्याबाईही नाहीत. त्या ओव्यांतल्या दोन-चार ओळी आम्हां सुनांना येतात, बाकी सारे गेले.

याच्या उलट एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. प्रथम त्या कागदावर उतरवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे त्या संगणकात घातल्या गेल्या आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांना वाचावयास आणि ऐकावयास मिळू लागल्या. हा साठा एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. हे धन टिकले कसे? एका भांड्याच्या भरवशावर ते कधी राहिले नाही, म्हणून टिकले. कागद, फीत, संगणक असे भांडे बदलत गेले, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी काळजीने ते दुसऱ्या भांड्यात ओतले.

आता माझेही तीन अंदाज सांगते. पुढच्या वर्धापनदिनी ते आपण ताडून पाहावेत.

पहिला अंदाज पायवाटेचा. आपल्याकडे पुष्कळ बायका टाईप करीत नाहीत, त्या आवाजाचाच निरोप पाठवतात. गूगलने २०१७ साली मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली, ती याच वाटेवरची. यापुढे तासाभराच्या ध्वनिमुद्रणातून “माहेराची ओवी काढ” म्हटले की नेमकी तीच निघेल, आणि यंत्राला आपली वऱ्हाडी बोलीही हळूहळू उमजू लागेल, असे मला वाटते. दुसरा अंदाज ठेचेचा. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे मागणारे लबाड लोक आता निघाले आहेत. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण यंत्राने घडवलेल्या चित्रफितींवर तसे सांगणे यूट्यूबने २०२४ पासून आवश्यक केले आहे. अशीच काही खूण घरगुती निरोपांवरही येईल. मात्र ती येईपर्यंत, मुलाच्या आवाजात कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपणच फोन करावा. तिसरा अंदाज थैलीचा. आज फुकट असलेली आणखी एखादी कोठी उद्या पैशाची होईल. हे मी पैजेवर सांगावयास तयार आहे.

यावर आपण काय करावे? माझी सूचना अगदी घरगुती आहे. आपण लोणचे घालतो तेव्हा सगळे एकाच बरणीत घालीत नाही. एक बरणी फुटली तरी वर्षाची सोय राहावी म्हणून दोन भरतो. तसेच जपून ठेवण्याच्या प्रत्येक फोटोची आणि आवाजाची दुसरी प्रत फोनच्या बाहेर, एखाद्या पेनड्राईव्हवर किंवा संगणकात, ठेवावी आणि दर दिवाळीच्या झाडलोटीबरोबर ती उघडून पाहावी. ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीलाच म्हणणारीचे नाव, गाव आणि दिवस बोलून घ्यावा. उद्याचे यंत्र कितीही हुशार निघाले, तरी मुळात जे सांगितलेच नाही, ते त्याला कोठून सापडणार?

मंडळानेही यंदा एक काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. मेडशीत आणि आसपासच्या वस्त्यांत ज्या वृद्ध भगिनींना ओव्या, पाळणे, भुलाबाईची गाणी येतात, त्यांच्या संमतीने ती भरून घ्यावीत, ऐकून वहीत उतरवावीत आणि त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. यंत्रातल्या सोयी येतील आणि जातील. त्या आल्या तर आनंदाने वापराव्यात, भिऊ नये. पण आपली गाणी आणि आपल्या माणसांचे आवाज त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नयेत.