फुरसत, खेळ आणि पायपीट



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली घातली. तेव्हापासून या नावाच्या व्यासपीठांवर अध्यात्म, अर्थकारण, इतिहास असे भारदस्त विषय येत राहिले आहेत. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच हलका. मोबाइलवर नि संगणकावर खेळायचे खेळ, आणि सुटीच्या दिवशी जवळच्या टेकडीवर अर्धा दिवस जाऊन येणे, या दोन गोष्टींविषयी आम्ही बोलणार आहोत. विषय कळवला तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, "एक खोड वाईट, एक सवय चांगली. यात तासभर बोलाचं काय आहे बाप्पा?" प्रश्न रास्त होता. परंतु खोड आणि सवय यांची ही वाटणी आम्हांला इतकी सरळ वाटत नाही, आणि बोलावयाचे आहे ते त्याचमुळे.

आधी वेळेचा हिशेब करू. कन्हान हे पाळीचे गाव आहे. कोळशाच्या खाणीत तीन पाळ्या, रेल्वेत ड्यूटी, आणि बाकीच्यांची कामठी-नागपूरची रोजची ये-जा. अशा गावात फुरसत सलग मिळत नाही; ती तुकड्यातुकड्यांनी मिळते. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला जेवण आणि झोप यांच्यामध्ये अर्धा तास असतो. गाडीत बसलेल्या मुलाला कामठी ते नागपूर एवढा वेळ असतो. आणि महिन्यातून एखाददुसरा रविवार असा निघतो की ज्या दिवशी ना लग्न, ना ओव्हरटाइम, ना बँकेचे काम. अर्ध्या तासाच्या तुकड्यात काय बसते? कादंबरी बसत नाही, क्रिकेटचा सामना बसत नाही. खेळाचा एक डाव बसतो. आणि तो मोकळा रविवार घरी लोळण्यात गेला नाही, तर त्यात रामटेक बसते. म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. फुरसतीच्या दोन मापांचे हे दोन कपडे आहेत.

आता पडद्यावरच्या खेळाचे कुळ पाहू, कारण त्यात एक गंमत आहे. अमेरिकेत विल क्राउथर नावाचे एक संगणक-प्रोग्रामर होते. आजच्या इंटरनेटचे जे पूर्वरूप, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांचा छंद मात्र गुहांतून हिंडण्याचा. केंटकी प्रांतातील मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेत ते नि त्यांची पत्नी उतरत आणि तिचे नकाशे तयार करीत. पुढे संसार मोडला. मुली भेटीला येत तेव्हा त्यांना रमवावे म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी संगणकावर एक खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते, नुसते शब्द. तुम्ही एका रस्त्याच्या टोकाशी उभे आहात; उत्तरेला जा म्हणून लिहिले की यंत्र पुढची जागा शब्दांनी सांगते. भुयारे बहुतांशी त्यांच्या पायाखालच्या खऱ्या गुहेचीच होती. पुढे डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली आणि तो खेळ जगभर गेला. पडद्यावर वाट शोधत हिंडण्याच्या साऱ्या खेळांचा हा मूळपुरुष.

दुसरे उदाहरण जपानचे. शिगेरु मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी गेले. शेते, झाडी, टेकड्या यांतून ते एकटे भटकत. एकदा त्यांना एक गुहा सापडली. आत जाण्याचे धैर्य यावयास काही दिवस लागले, मग ते कंदील घेऊन शिरले. ती भीती आणि ती मौज यांतून पुढे त्यांचा १९८६ चा 'झेल्डा' हा खेळ झाला. त्यांचेच देशबांधव सातोशी ताजिरी हे लहानपणी किडे-भुंगे गोळा करीत. शहर वाढले, तळी बुजली, किडे गेले. आणि मुलांना ती गोळा करण्याची मौज पुन्हा मिळावी म्हणून १९९६ साली 'पोकेमॉन' आला. वीस वर्षांनी, २०१६ साली, त्याच 'पोकेमॉन'ने लोकांना फोन हातात देऊन रस्त्यावर चालावयास लावले. तात्पर्य एवढेच, की घरात बसवणारा म्हणून ज्या खेळाला आपण नावे ठेवतो, त्याच्या जन्मदात्यांपैकी काही पायपीट करणारेच होते.

आपल्याकडे तर घरात बसून खेळण्याची लाज कधी कोणी बाळगली नव्हती. सोंगट्या होत्या, बुद्धिबळ होते, सावंतवाडीचा एकशेवीस पानांचा दशावतारी गंजिफा होता, आणि मोक्षपटाचे नाव तर परंपरेने थेट ज्ञानदेवांशी जोडले आहे. अलीकडे पुण्यातील एका मंडळाने 'राजी' नावाचा खेळ २०२० साली काढला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी ही त्याची नायिका. तो आम्हांला आवडला. मियामोतोंच्या कुळाशी नाते सांगण्यास आता मराठी मुलुखही मोकळा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार आहे, आणि ती आईबापांची उगीच किरकीर नव्हे. परंतु ती नेमकी कशाविरुद्ध आहे हे ओळखले पाहिजे. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेइ पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' रचला. वरून आकृत्या पडतात, त्या रांगेत बसवावयाच्या. रांग पुरी झाली की नाहीशी होते. वेग वाढत जातो, शेवटी आपण हरतो आणि डाव संपतो. या 'डाव संपतो'ला आम्ही फार महत्त्व देतो. सोंगट्यांचा डाव संपत असे, विटीदांडूचा संपत असे, नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून पोट्टे 'मारिओ' खेळत, तोही संपत असे. आजचे पुष्कळसे फुकट मिळणारे खेळ संपतच नाहीत. फुकट दिलेल्या मालाची किंमत कोठून तरी काढावी लागते. म्हणून ते अशा बेताने रचतात की माणसाने रोज यावे. आज आलात तर बक्षीस, सात दिवस न चुकता आलात तर मोठे बक्षीस, एक दिवस चुकलात तर साखळी तुटली. बंद पेटी विकत घ्या, आत काय आहे ते उघडल्यावर कळेल. ही रचना खेळाची नव्हे, पेढीची आहे. आणि तिच्यापुढे चौदा वर्षांच्या मुलाला 'मनावर ताबा ठेव' म्हणून सांगणे म्हणजे हलवायाच्या दुकानात बसवून उपास कर म्हणण्यासारखे आहे.

याच्या पुढची पायरी पैसे लावण्याची. आपल्या पूर्वजांनी क्रीडा आणि द्यूत हे दोन शब्द वेगळे ठेवले ते काही उगीच नाही. धर्मराज फाशांवर खेळला म्हणून बुडाला नाही. पणाला लावीत गेला म्हणून बुडाला, आणि प्रत्येक डावाला त्याला वाटत होते की मागले सारे आता भरून निघेल. पगाराच्या दिवशी मोबाइलवर रमीत पैसे घालणाऱ्या माणसाचे मन याहून निराळे चालत नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आणि त्याच कायद्याने स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. ही रेघ योग्य ठिकाणी ओढली असे आमचे मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आपल्या रोगांच्या यादीत केली. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिचे नाव घेऊन घरोघर मुलांना भीती घातली जाते, म्हणून तिची व्याख्या सांगतो. रोज किती तास, असा आकडा तीत नाही. खेळावर ताबा राहिला नाही, इतर कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ वर चढून बसला, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहिला, आणि हे साधारण वर्षभर टिकून घरादाराचे, शिक्षणाचे, नोकरीचे मातेरे झाले, तर तो विकार. रात्रपाळीहून आलेला मुलगा अर्धा तास खेळून झोपतो, त्याला या यादीत घालू नका. त्याला झोपू द्या.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे वळतो; येथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण आपला मुलूख यात श्रीमंत आहे आणि त्याची आपणांस जाणीव कमी आहे. गिर्यारोहण म्हटले की सह्याद्री. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे काय, असे पुण्यामुंबईचे लोक म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो. यावर आम्ही स्टीफन हिस्लॉप यांचे नाव पुढे करतो. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. तो माणूस मात्र थोड्यांना. १८४५ साली हे स्कॉटिश मिशनरी इकडे आले. शाळा चालवणे, भाषा शिकणे, धर्मोपदेश असा कामाचा डोंगर. तरीही मधल्या वेळात ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर आसपास पायी हिंडत. टाकळीच्या बाजूला, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या थरात, त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. आज आपण ज्याला बेसाल्ट म्हणतो त्या लाव्हाच्या दोन लोटांमध्ये येथे कधी काळी तळी होती, त्यांत जीव होते, हे त्या शंखांनी सांगितले. या दोघांनी नागपूरच्या भूगर्भाविषयी लिहिलेला निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाने १८५५ साली छापला. कोणतीही मोहीम नव्हे, तंबू नाही, सरकारी अनुदान नाही. कामातून काढलेल्या सुटीच्या फेऱ्या.

आणि आपल्या पायाखालचे काय? कोळशाच्या थरांवर जो वालुकाश्म आहे, त्याला भूगर्भशास्त्रज्ञ 'कामठी' हेच नाव देतात. नदीपलीकडच्या आपल्या शेजाऱ्याचे नाव शास्त्राच्या ग्रंथांत आहे, आणि आपण त्या दगडावर पाय देऊन बसस्टँडवर जातो.

रामटेकची गोष्ट सर्वांना पाठ आहे असे आपण समजतो. कन्हानहून फाटा फुटून रेल्वे तेथवर जाते. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येते. वा. वि. मिराशी यांनी 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे साधार मांडले. काही पंडित तो मान सरगुज्याच्या रामगडाला देतात. आमचा कौल अर्थातच घरचा. पण एक गोष्ट ध्यानात घ्या : तो यक्ष तेथे आला तो कामात कुचराई केली म्हणून वर्षाची शिक्षा भोगावयास. रजा न घेता रेंगाळणाऱ्या नोकराची टेकडी म्हणून तरी पाळीवाल्यांना तिच्याविषयी जिव्हाळा वाटावा. देवळापर्यंत गाडीने जाऊन येऊ नये. अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढावे, वाकाटकांच्या काळातील नरसिंहाची मंदिरे पाहावीत, मग खाली खिंडसीचे पाणी पाहत बसावे. जवळच मनसर आहे. तेथील टेकडीवर जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि वाकाटककालीन विटांच्या वास्तू उघड्या पडल्या. नगरधनचा किल्लाही याच फेरीत होतो. चढण कोठेच फार नाही. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमेल.

दोन सूचना मात्र कडक आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे ऊन हसण्यावारी नेण्याजोगे नाही. सकाळी नऊच्या आत उतरून यावे, नाही तर जाऊच नये. फिरण्याचा खरा हंगाम श्रावणापासून माघापर्यंत. दुसरी, पावसाळ्यात नाल्या-नदीत पाय घालू नये. हिस्लॉपसाहेब १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यातच गेले. वर्षानुवर्षे हा प्रदेश पायांखाली घातलेला तो माणूस होता.

आता थोडे अप्रिय बोलतो. हा वेळपर्यंत आम्ही मुलगा म्हटले, माणूस म्हटले, पाळीवाला म्हटले. श्रोत्यांतल्या भगिनींनी ते टिपले असेलच. खेळ असो की टेकडी, दोन्हींना आधी फुरसत लागते, आणि ती कोणाच्या वाट्याला येते? रविवारी घर रामटेकला निघते तेव्हा पहाटे चारला उठून पुऱ्या कोण तळते? टेकडीवर पोचल्यावर बाकीचे दृश्य पाहत असतात तेव्हा सतरंजी अंथरून डबे कोण उघडते? तिच्या दृष्टीने तो रविवार म्हणजे डोंगरावर नेलेले स्वयंपाकघर. मुलाने तासभर गेम खेळला तर आपण रागावतो, म्हणजे तो तास त्याचा होता हे मान्य करतो. मुलीने खेळला तर तो तास कामाचा होता आणि तिने चोरला, असे घरात वातावरण होते. चार मैत्रिणींना मिळून टेकडीवर जावयाचे असेल, तर सोबत भाऊ पाहिजे, दिवसाउजेडी परत पाहिजे, कारण पाहिजे. नुसते 'जावेसे वाटले' हे कारण मुलाला पुरते, मुलीला पुरत नाही. गेम वाईट की चांगला, हा वाद आम्हांला यापुढे अगदी किरकोळ वाटतो. ज्याला खोड लागण्याइतकीही फुरसत मिळत नाही, त्याच्या प्रश्नावर या व्यासपीठावरून बोलणे कमी झाले आहे. उपाय म्हणून आम्ही एवढेच सुचवतो की सहलीच्या दिवशी घरून डबा नेऊ नये. वाटेत तर्री-पोहे चांगले मिळतात.

शेवटी एक ठिकाण सांगतो आणि बसतो. महाराष्ट्राच्या हद्दीतील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथे दिव्यांचा उजेड आवरता घेतला आहे आणि सिल्लारीच्या बाजूला आकाश पाहण्याची सोय केली आहे. वाघाचे जंगल आहे, पायी मनसोक्त भटकण्याची जागा नव्हे. वनखात्याच्या नियमानेच जावे लागते. आपल्या गावात खाणीच्या, रस्त्याच्या, दुकानांच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाने ती प्रत्यक्ष पाहिलेलीही नसते. ज्याने पाहिली त्याने ती पडद्यावर, एखाद्या खेळातच पाहिलेली असते. व्याख्यानमालेच्या चालकांनी मनावर घेतले तर हिवाळ्यात अमावास्येच्या सुमारास एक बस तिकडे नेता येईल. नावे आजच द्यावीत. भगिनींची आधी लिहून घेऊ.