मोटारींतील संकटपेटी

मोटार घरची झाली कीं प्रवासाचा हुरूप वाढतो. परंतु आषाढांतल्या पावसांत, ताम्हिणी घाटांत रात्रीं चाक बसलें, म्हणजे गृहस्थाची खरी परीक्षा होते. धुकें दाट, मोबाइल मुका, आणि मागच्या बैठकीवर मुलें व वृद्ध आई! अशा वेळीं आधीं भरून ठेवलेली पेटीच कामास येते.

तींत विजेरी, चकाकणारा इशारा-त्रिकोण, ओढण्याचा दोर, पांघरूण, पिण्याचें पाणी व मलमपट्टी असावी. जॅक आणि पाना हाताशीं असावेत. मोटार वळणावर थांबल्यास त्रिकोण मागच्या बाजूस वळणाच्याही आधीं ठेवावा, म्हणजे येणारा चालक वेळींच सावध होईल.

पेटी भरणें सोपें, राखणें कठीण. जादा चाकांतली हवा न वापरतांही हळूहळू जाते, पडून राहिलेले सेल पाझरून विजेरी निकामी करतात, आणि बंद मोटारींतील उष्णतेनें औषधें बिघडतात. म्हणून हवा महिन्यांतून एकदां तपासावी, सेल वेगळे ठेवावेत, औषधें निघतांनाच घ्यावीं. मदतीचा ११२ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

चाक बदलण्याचा सराव मात्र घरांतील मोठ्यांनीं अंगणांत, दिवसाउजेडीं करावा. घाटांतला अंधार हें शिकण्याचें ठिकाण नव्हे.