अल्विसोच्या सहलीआधी

बे एरियातल्या अनेक शाळांच्या सहली अल्विसोला जातात. खाडीकाठच्या अभयारण्याचं शिक्षणकेंद्र तिथं आहे. मुलं पक्षी बघतात, चिखल तुडवतात. पण त्या गावाची गोष्टही त्यांना आपण घरी सांगायला हवी.

सांता क्लारा खोऱ्यात फळबागांनी आणि वाढत्या शहरांनी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं, की सॅन होजेत जमीन सुमारे १३ फूट खचली. अल्विसो समुद्रसपाटीखाली गेलं आणि १९८३च्या पुरात बुडालं. पाणी वापरलं सगळ्या खोऱ्यानं. चिखल शिरला तो बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरांत. हा न्याय झाला का, हे मुलांनाच विचारा.

पुढं बाहेरून पाणी आणलं, जमिनीत मुरवलं, तेव्हा खचणं थांबलं. आज याच खोऱ्यात आपली घरं आणि ऑफिसं आहेत. ‘आपण कुठं इथले?’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आणखी एक. तिथले ‘सॉल्ट पॉन्ड’ म्हणजे आपली मिठागरं. भांडुप-वडाळ्याची मिठागरं पाहिलेले आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याशी मुलांचा फोन जोडून द्या. आपल्या भाषेतलं नाव मिळालं की जागा परकी राहत नाही. आणि आपल्या जागेची काळजी घ्या, असं मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.