दुभत्या शेळीची दगडी आणि माळावरचे हरीण

भारतात शेतकऱ्याला हरीण पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने वन्यप्राणी पकडणे हीदेखील शिकारच मानली आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र १९७० च्या सुमारास लाल हरणांचे पालन हा रीतसर शेतीव्यवसाय झाला आणि पाडसाला पाजणारी मादी जंतुसंसर्गाने आजारी पडली तर काय करावे, हा तेथील पशुवैद्यकाच्या कामाचा भाग बनला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात हाच प्रश्न दोन ठिकाणी वाटला गेला आहे: दारातली उस्मानाबादी शेळी ही पशुपालकाची जबाबदारी आहे, तर माळावरचे काळवीट ही वनविभागाची.

पाजणाऱ्या मादीला होणाऱ्या संसर्गांपैकी सर्वांत जास्त नुकसान करणारा रोग म्हणजे कासदाह, ज्याला पशुपालक दगडी म्हणतात, कारण सुजलेली कास हाताला दगडासारखी लागते. सडाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून जंतू आत शिरतात. दूध काढल्यानंतर किंवा करडू पिऊन झाल्यानंतर हे छिद्र काही वेळ उघडेच राहते, आणि नेमक्या त्याच वेळी शेळी ओल्या लेंड्यांवर बसली तर रोगाला वाट मिळते. करडांच्या दातांनी सडाला पडलेल्या जखमाही त्याला हातभार लावतात. उस्मानाबादी शेळीला जुळी करडे होणे नेहमीचेच असल्याने तिच्या दोनच सडांवर हा ताण सतत राहतो.

पहिली खूण बहुधा कासेवर दिसत नाही. ती चालीत दिसते. शेळी मागचा पाय लांब टाकून चालते, करडू जवळ आले की लाथ मारते, आणि उपाशी करडू ओरडत राहते. अशा वेळी दोन्ही सडांच्या पहिल्या धारा काळ्या कापडावर काढून पाहाव्यात. त्यात गाठी, पाण्यासारखा पातळपणा किंवा रक्ताची छटा दिसली तर निदानात शंकेला फारसा वाव उरत नाही. गायीच्या दुधासाठी वापरली जाणारी, दूध घट्ट होते का हे पाहणारी द्रावणाची चाचणी शेळीच्या बाबतीत जपून वाचावी लागते, कारण निरोगी शेळीच्या दुधातही पेशी व पेशींचे कण मुळातच जास्त असतात.

अंगाचे तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले असेल आणि शेळीने रवंथ सोडले असेल, तर संसर्ग कासेपुरता उरलेला नसतो. याहून वाईट अवस्था म्हणजे कास आधी गरम व लाल असून नंतर थंडगार आणि निळसर पडणे. हा कोथ होय, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मांस मरणे, आणि स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचे विष हे त्याचे नेहमीचे कारण आहे. अशी बाजू पुन्हा दूध देत नाही. तेथे उपचार शेळीचा जीव वाचवण्यासाठीच असतो.

उपचाराचा क्रम पशुवैद्यक ठरवतो, आणि औषध टोचण्यापूर्वी दुधाचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन ठेवणे हे त्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे, कारण कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे त्या नमुन्यावरूनच कळते. प्रतिजैविकाच्या जोडीला सूज व वेदना कमी करणारे औषध दिले जाते आणि रोगट दूध दिवसातून अनेकदा काढून मातीत पुरले जाते. सडात सोडायच्या नळ्या गायीच्या मापाच्या असल्याने सडाचे टोक स्पिरिटने पुसून नळीचे तोंड अगदी थोडेच आत घालावे लागते. कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप, ज्याचा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रसार केला आहे, सौम्य सुजेवर बाहेरून लावण्यास हरकत नाही. तापाने पडलेल्या शेळीला मात्र त्यावर सोडणे म्हणजे वेळ घालवणे होय.

येथे रुग्ण एक नसून दोन असतात, ही गोष्ट उपचाराच्या गडबडीत मागे पडते. करडाला दुसऱ्या शेळीला लावावे किंवा कोमट दूध बाटलीने थोडे थोडे पाजावे. नुकतेच जन्मलेले असेल तर पहिल्या काही तासांत कोणत्याही निरोगी शेळीचा चीक त्याच्या पोटात जायला हवा, कारण रोगप्रतिकाराची शक्ती त्याला त्यातूनच मिळते. ऊसतोडीच्या हंगामात घरातली धडधाकट माणसे कारखान्याच्या फडावर आणि शेळ्या म्हाताऱ्यांच्या भरवशावर, अशी स्थिती या भागात अनेक घरांत असते, तेव्हा दर तीन-चार तासांनी करडू पाजणे हे सांगण्याइतके सोपे नसते, हेही मान्य केले पाहिजे.

टोचलेले औषध दुधात उतरते आणि उकळल्याने ते खात्रीने नष्ट होत नाही. म्हणून वेष्टनावर लिहिलेली किंवा पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध घरात वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर पशूंच्या उपचारासाठी २००६ मध्ये बंदी आली, कारण ते टोचलेल्या जनावराचे कलेवर खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. माणसांसाठी आणलेली उरलेली इंजेक्शने शेळीला टोचण्याची सवय त्यामुळेही धोक्याची आहे.

माळावरच्या हरणाला यांतले काहीही लागू करू नये. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे, पण काळविटांना कुंपण ठाऊक नसते आणि ती शेतातही येतात. काळविटाची मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते व पाजण्यापुरती परत येते. एकटे पडलेले पाडस अनाथ समजून उचलून आणले तर आई जिवंत असूनही ते पोरके होते. खरोखर जखमी वा आजारी मादीला पाठलाग करून धरले, तर भीती व धावपळीने तिचे स्नायूच आतून फुटू लागतात आणि मूळ आजाराआधी ती त्यानेच दगावू शकते.

शेळीसाठी पशुसंवर्धन विभागाचा दूरध्वनी क्रमांक १९६२ आणि हरणासाठी वनविभागाचा १९२६ आहे.