काचेच्या पेटीतील प्रवाळ



आपल्याच जिल्ह्यातील मोहाडीच्या एका सद्‌गृहस्थांचे पत्र माझ्यासमोर आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त परदेशी असून तिथे घरातच दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा काचेच्या पेटीत खारे पाणी करून त्यांनी जिवंत प्रवाळ पाळले आहे. आणले तेव्हा बोटाच्या पेराएवढे असलेले हे प्रवाळ आता दिवा लागताच असे काही फुलते की शेजारची दोन-तीन त्याच्याखाली गडप होतात. मुलाने काय करावे, आणि तशीच पेटी मोहाडीत मांडावी काय, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर लांब आहे, दुसऱ्याचे आखूड.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांचा एकत्र कुटुंबकबिला होय. त्यांतील पुष्कळांच्या देहात सूक्ष्म शैवाल वास करते आणि प्रकाशाच्या बळावर अन्न तयार करून त्यातील मोठा हिस्सा यजमानाला देते. म्हणून प्रकाश मिळताच हा प्राणी सहसा अंगात पाणी भरून घेतो, पसरतो, आणि अंधार पडताच आक्रसून मुठीएवढा होतो. दुकानात तो बहुधा प्रवासाने मलूल झालेला, मिटलेला दिसतो. त्या वेळचे माप घेऊन जागा ठरवणे म्हणजे मिटलेल्या छत्रीच्या मापाने पडवी बांधण्यासारखे आहे.

शिवाय जे डोळ्यांना दिसते तेवढीच त्याची हद्द नसते. गॅलेक्सिया नावाचे एक कठीण प्रवाळ आहे. दिवसा ते हिरवट चांदण्यांच्या गुच्छासारखे निरुपद्रवी दिसते, पण रात्री त्यातून दोऱ्यासारखे दंशतंतू बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर लहरत एक फुटापर्यंतही पोहोचतात. आपल्या चिरंजिवांची पेटी एक फूट रुंद आहे, हे ध्यानात घ्यावे. सकाळी शेजारच्या प्रवाळावर पांढरे चट्टे दिसले की मालक पाण्याला दोष देतो. छत्रीच्या आकाराची मृदू चर्मप्रवाळे डंख करीत नाहीत, परंतु ती पाण्यात अशी रसायने सोडतात की कठीण प्रवाळांची वाढ खुंटते. आणि ही रसायने समुद्रात वाहून जातात, सत्तर लिटरांच्या पेटीत कुठे जाणार?

तेव्हा चिरंजिवांना कळवावे की, पसरणाऱ्या प्रवाळाला मुख्य खडकावर जागा देऊ नये. वाळूत सुटा दगड ठेवून त्यावर त्याला बसवावे आणि भोवती चार बोटे मोकळी वाळू राखावी. दगडावरून सरपटणाऱ्या जातींना ती वाळू बऱ्याच अंशी अटकाव करते, मात्र त्यांनी मागची काच गाठली तर मग इलाज राहत नाही. पाणी गाळण्याच्या यंत्रात सक्रिय कोळसा ठेवून तो वेळोवेळी बदलावा. वाढ हाताबाहेर जाऊ लागली तर चर्मप्रवाळाची कड, दगडासह बाहेर काढून, त्याच पेटीच्या पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात धारदार पात्याने कापावी. कापलेला भागही जगतो आणि मित्राला देता येतो. बटणांच्या ताटव्यासारखी दिसणारी प्रवाळसदृश जात असेल तर हातमोजे व चष्मा यांवाचून तिला स्पर्श करू नये, आणि तिचा दगड तर कदापि उकळू नये. तिच्यातील काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते आणि त्याची वाफ माणसाला इस्पितळात पोहोचवते.

आता मोहाडीची गोष्ट. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि पेटीत प्रवाळाला साधारण 24 ते 27 अंश तापमान मानवते. आपल्याकडे वैशाखात पारा 45 अंशांना भिडतो. अशा दिवसांत वर सांगितलेल्या मापाच्या पेटीतून रोज दीड-दोन लिटर पाणी सहज उडून जाते. क्षार मात्र जागच्या जागी राहतात, म्हणून एका दिवसातच 35 चा आकडा 36 कडे सरकतो. त्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी लागते, खाऱ्याने नव्हे. पुष्कळ पेट्या या एका गैरसमजापायी बुडाल्या आहेत. त्यातून दुपारी वीज गेली की पाणी थंड राखण्याचे यंत्र बंद, पंप बंद, आणि संध्याकाळपर्यंत सारा कारभार आटोपलेला.

पण हवामानाची तजवीज पैशाने होईलही. कायद्याची होत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे समाविष्ट आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. कोणी दुकानदार ‘सगळे चालते’ म्हणाला तरी त्याच्या शब्दावर जाऊ नये. जिवंत प्रवाळ पाहण्याची हौस असेल तर मालवणला जावे. तिथला सागरी परिसर 1987 पासून अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोके बुडवून ते पाहता येते.

मांडायचीच तर पेटी गोड्या पाण्याची मांडा. कोहळी समाजाने खोदलेल्या, पुढे मालगुजारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलावांच्या जिल्ह्यात आपण राहतो. शिंगाड्याचा वेल पाण्याचा पृष्ठभाग कसा व्यापतो आणि बेशरम नावाचे झुडूप काठाकाठाने कसे माजते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या तलावातल्याच वनस्पती पेटीत उत्तम वाढतात, आणि कात्री हाती धरून त्यांना हद्दीत कसे ठेवावे, हे शिकण्यात एक वर्ष आनंदाने जाते.

एक विनंती मात्र आहे. दुकानातून आणलेली परदेशी पाणवनस्पती वाढून पेटीत मावेनाशी झाली, तर ती नेऊन तलावात किंवा नाल्यात सोडू नका. जलपर्णीही या देशात शोभेचे फूल म्हणूनच आली होती. छाटलेले सारे गच्चीवर पसरून कडक उन्हात वाळवा, आणि मगच खताच्या खड्ड्यात टाका.