मिरचीचे वाळवण आणि बुरशीचे विष



फेब्रुवारी-मार्चमध्ये आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यातून जाताना वाळत घातलेल्या मिरचीचे लाल पट्टे दूरवर पसरलेले दिसतात. दृश्य मनोहर असते. परंतु ही मिरची निर्धोक राहणार की नाही, हे पुष्कळ अंशी त्या वाळवणावरच ठरते.

पिकलेल्या मिरचीच्या वजनात मोठा भाग पाण्याचा असतो. वाळवून तो सुमारे १० टक्क्यांवर आणावा लागतो. उघड्या जमिनीवर याला कित्येक दिवस लागतात. एवढ्यात अवकाळी पाऊस आला किंवा दव पडले, की मातीतील बुरशीला फावते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही त्यांपैकी एक. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत हे विष आढळले. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली.

यावर कोणी म्हणेल, मिरची तर आपण चिमूटभरच खातो! खरे आहे, तेवढ्याने एकाएकी विषबाधा होण्याचा संभव कमी. तथापि हे विष यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होते, आणि मिरची आपल्या पानात रोज असते. ज्याला ‘हेपटायटिस बी’ची कावीळ जडलेली आहे, त्याला हा धोका कितीतरी पटींनी अधिक.

बुरशी लागलेली मिरची पुसून, पुन्हा उन्हात घालून किंवा भाजून वापरण्याची सवय अनेक घरांत आहे. आचेने बुरशी मरते. विष मात्र बव्हंशी तसेच राहते. दळल्यावर तर डागही दिसत नाही. डागाळलेली मिरची स्वस्तात विकली जाते, तिची पूड होते आणि ज्याला स्वस्त पूड घेणे भाग आहे, त्याच्याच घरी ती पोहोचते.

युरोपीय संघाने एक किलो मिरचीत अफ्लाटॉक्सिनची कमाल मर्यादा १० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. निर्यातीचा माल या कसोटीवर तपासला जातो. स्वयंपाकघरात प्रयोगशाळा नसते. म्हणून शक्य तर अखंड मिरची घ्यावी, फोडून आतले बी पाहावे आणि करड्या बुरशीचा अंश दिसताच ती टाकून द्यावी.

खरा उपाय मात्र शेतावरच आहे. मिरची मातीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवावी, रात्री झाकावी, वजन वाढविण्यासाठी तिच्यावर पाणी शिंपडू नये, पोती ओलसर जमिनीवर ठेवू नयेत. यातले काहीच अवघड नाही. पण त्याला खर्च येतो. स्वच्छ मिरचीला चार पैसे अधिक मिळाल्यावाचून हा खर्च शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? या प्रश्नाचे उत्तर बाजाराने आणि आपण ग्राहकांनी द्यावयाचे आहे.