सोसणाऱ्याची कविता आणि आपलं व्यासपीठ



आज मी तुम्हा सोनईकरांकडे एक मागणं घेऊन आलो आहे. ज्यांनी अन्याय सोसला, त्यांची कविता, त्यांचं लेखन त्यांच्याच तोंडून ऐकण्यासाठी या व्याख्यानमालेतला एक दिवस राखून ठेवा.

आपल्या नेवासे तालुक्यात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण वारकरी परंपरेतल्याच चोखोबांना देवळाबाहेर उभं राहावं लागलं. त्यांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, असं परंपरा सांगते. लेखणी ज्याच्या हाती होती, त्याने ती दुसऱ्याच्या दुःखासाठी झिजवली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

या दुःखाची सोयरीक दूरदेशीही जुळली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. तिकडे कातडीचा रंग आणि इकडे जात. कारणं वेगळी असली, तरी माणसाला जन्मावरून हिणवण्याची रीत एकच.

त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्याची प्रस्तावना लिहायला विजय तेंडुलकर बसले, तेव्हा ते आधी ढसाळांबरोबर मुंबईतल्या त्या नावाच्या वस्तीत हिंडून आले. कवितेतले न कळलेले शब्द त्यांनी ढसाळांना विचारून घेतले आणि तसं प्रस्तावनेत नोंदवलं. एवढा नावाजलेला नाटककार, पण कवीसमोर विद्यार्थी होऊन बसला. ऐकायचं कसं, हे इथे शिकावं.

मात्र कुणी जागा देईल म्हणून दलित लेखक वाट पाहत बसले नाहीत. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि गावोगावच्या नवशिक्या तरुणांचं लेखन त्यात छापून आलं. काय छापायचं, हे ठरवणारी माणसं आता त्यांच्यातलीच होती.

अशा लेखनाचं आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ साली ग्रंथालीने काढलं. मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं, आणि त्याच्या बदल्यात वर्षाकाठी खळ्यावर हात पसरायचा, हे जिणं त्यात आहे. पुस्तकात दगडू आपली कहाणी सांगतो ती शिकून शहाण्या झालेल्या दया पवारला. माणूस एकच, पण वेदनेने त्याचे दोन तुकडे केलेले. असं लेखन वाचताना ‘भाषा जरा सौम्य हवी होती’ असं म्हणायला आपली जीभ कशी रेटते?

आता अवघड बोलतो. १ जानेवारी २०१३ रोजी सोनईत मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. मुळाशी जातीबाहेरचं प्रेम होतं. खटला नाशिकला चालला आणि २०१८ साली शिक्षा सुनावल्या गेल्या. गुन्हा काही माणसांनी केला, साऱ्या गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी आलेलो नाही. पण न्यायालयाचं काम संपतं तिथे गावाचं काम सुरू होतं. त्या हत्यांचं नाव निघताच विषय बदलण्याने गावाची अब्रू राखली जात नाही. ऐकून घेण्याने ती राखली जाते.

म्हणून हा दिवस कसा असावा, तेही सांगतो. मैला आणि गटारं साफ करणाऱ्या घरांतली मुलं, उसाच्या हंगामात कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या लेकी, पारधी वस्तीवरचे तरुण यांना सन्मानाने बोलवा. मानधन इतर वक्त्यांइतकंच द्या. काय वाचायचं ते त्यांनी ठरवावं, आधी तपासायला मागू नका. वाचून झाल्यावर आभारकर्त्याने त्याचं तात्पर्य सांगू नये. आणि त्यांनी परवानगी दिली, तर ते लेखन त्यांच्या नावानिशी छापून शाळांच्या वाचनालयांत ठेवा.

यात आपण कुणावर उपकार करणार नाही. सोसलेल्या माणसाचं म्हणणं ऐकल्यावाचून आपल्याला आपलं गाव पुरतं कळणार नाही, ही गरज आपली आहे. पुढच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका ठरवाल, तेव्हा पहिलं नाव या दिवसाचं लिहा, एवढीच विनंती.